माळ्यावरची गोधडी खाली काढा

वाचकहो, घट बसायच्या आधी घर झाडून-सारवून घ्यायचं आणि घरातलं यच्चयावत अंथरूण-पांघरूण धुऊन वाळवायचं, ही आपल्या खेड, मावळ, हवेलीकडची जुनी रीत. त्या चार दिवसांत माळ्यावरच्या, पेटीतल्या, दिवाणाखालच्या सगळ्या गोधड्या बाहेर येतात. त्यात एखाद-दुसरी अगदीच जुनी असते. काठ विरलेले, रंग उडालेला, मधे कुठंतरी ठिगळ. सून म्हणते, "आत्याबाई, ही आता टाकून देऊ की." सासू म्हणते, "राहू दे गं, असू दे." आणि गोधडी पुन्हा वर्षभरासाठी माळ्यावर जाते. पुढं कधीतरी जुनं घर पाडायला निघतं, फ्लॅटमध्ये सामान हलतं, तेव्हा ती गुपचूप घंटागाडीत पडते.

आमचं सांगणं एवढंच, की यंदा ती खाली आली म्हणजे आधी ओट्यावर, गच्चीवर, नाहीतर हॉलमधल्या फरशीवर पसरा आणि पाच मिनिटं नीट बघा. तुमच्या घराचा सातबारा तलाठ्याकडं आहे, पण घरातल्या बायामाणसांची नोंद त्यात क्वचितच सापडेल. ती या गोधडीत आहे.

एका लुगड्याच्या चार घड्या

गोधडी म्हणजे चिंध्यांचा ढीग, असा शहरी माणसाचा समज असतो. प्रत्यक्षात तिच्यामागं चोख हिशेब आहे. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या, तर एकेक घडी पावणेसात फुटांची होते. पन्हा साधारण चार फूट. म्हणजे एका लुगड्यात एका माणसाचं डोक्यापासून पायापर्यंतचं चार पदरी पांघरूण बसतं. चौघडी म्हणतात ती हीच. बाळाची ती दुपटं. आपल्याकडं गोधडी म्हणतात, साताऱ्या-कोल्हापूरकडं वाकळ. नावं निराळी, कूळ एकच.

लुगडं गोधडीपर्यंत यायला बरीच वर्षं लागत. नवं असताना ते सणावाराला नेसायचं. जुनं झालं की शेतात. बसून-उठून मधेच विरलं, की विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन्ही तुकडे जोडून दंड घालायचा. दंडाचं लुगडंही फाटायला आलं, की मग त्याचा नंबर गोधडीत. तोवर कापड इतकं मऊ झालेलं असतं, की दुकानातलं कुठलंही नवं कापड त्याची बरोबरी करत नाही. माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीच्या बाळाला आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं लागतं, ते काही नुसत्या मायेपोटी नाही. तान्ह्या कातडीला नवं, खळीचं कापड टोचतं.

शिवायची पद्धत तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिली असेल. सुगी संपली, उन्हाळा लागला, की दुपारी ओटा झाडून त्यावर लुगडं अंथरायचं. चारी कोपऱ्यांवर दगड, पाटा, वरवंटा, हाताला येईल ते वजन. आत धोतराचे, बंडीचे, फ्रॉकचे तुकडे मांडायचे, कुठं उंच-सखल होऊ द्यायचं नाही. वरून दुसरं लुगडं. तळहातानं सुरकुत्या काढत आधी मोठे कच्चे टाके, मग कडेनं धावदोरा सुरू. चौकोनात चौकोन घेत मधल्या भागापर्यंत यायचं. शेजारणी येऊन बसत, एकेक कड धरत, आणि गप्पांत दोन हात शिवण पुढं सरकत असे.

या कामाची मोजदाद कुणी करत नाही, म्हणून इथं करून बघू. पावणेसात फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडी घ्या. दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरलं, तर शहाण्णव ओळी होतात. सगळी शिवण मिळून साडेसहाशे फुटांच्या आसपास जाते. इंचाला तीन टाके धरले, तरी तेवीस हजारांवर टाके झाले. स्वयंपाक, धुणं, शेत, जनावरं सांभाळून उरलेल्या वेळात एका बाईनं घातलेले तेवीस हजार टाके. आता त्या गोधडीकडं पुन्हा एकदा बघा.

ऊब येते कुठून, हेही समजून घ्यायला हवं. थरांच्या मधे हवा अडकून बसते, आणि अडकलेली हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. टाके थरांना जागेवर धरून ठेवतात, त्यामुळं कापड एका बाजूला गोळा होत नाही. सुती कापड घाम टिपून घेतं. म्हणून पौषातल्या थंडीतही गोधडीत ऊब असते, पण घुसमट होत नाही.

थराथरात गावाची कहाणी

गोधडी फाटली म्हणून टाकायची नसते. तिच्यावर खालून-वरून नवं कापड चढवायचं आणि पुन्हा शिवायचं. त्यामुळं जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जिवंत राहते. एखाद्या कोपऱ्याला वरचं कापड उसवलेलं असेल, तर आत हळूच डोकावून बघा. एकाखाली एक काळ निघतील.

अगदी आतल्या थरात काठाचं लुगडं, धोतर, आजोबांच्या मुंडाशाचा तुकडा, पिठाची मांजरपाटाची पिशवी. हा कांदा-बटाट्याचा, बाजरी-ज्वारीचा, चाकणच्या बाजाराला बैलगाडीनं जाण्याचा काळ.

त्याच्या वरच्या थरात रंग बदलतो. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळरानावर कारखान्यांच्या शेड आल्या. घरातला एखादा माणूस भोंग्यावर जाऊ लागला, आणि दोन वर्षांनी त्याचा जुना खाकी किंवा निळा युनिफॉर्म गोधडीत येऊन बसला. जाड कापड, सहजासहजी न फाटणारं. ग्रीसचा डाग धुऊनही न गेलेला. शेजारी पोरांच्या शाळेच्या गणवेशाचा तुकडा.

तिसरा काळ परगावच्या गोधड्यांचा. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरही बीड, लातूर, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), सोलापूर, नगरकडची माणसं कामासाठी इकडं आली. एस.टी.तून उतरताना बरोबर एक पत्र्याची ट्रंक, डबा आणि आईनं बांधून दिलेली गोधडी. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच जण राहायचे. एक पहिल्या पाळीला गेला, की रात्रपाळीचा त्याच जागेवर झोपायचा. परक्या गावात घरचा म्हणावा असा वास फक्त त्या गोधडीला होता. आज भोसरी, चिखली, तळवडे, चाकणला स्वतःचं घर केलेल्या कितीतरी कुटुंबांकडं ती पहिली गोधडी अजून असेल. ती टाकू नका. या औद्योगिक पट्ट्याच्या जन्माची ती साक्षीदार आहे.

पुढं १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली. १९९७ साली मोशी, चिखली, चऱ्होली, तळवडे अशी गावं तिच्यात आली. चाकणला १९९९ साली बजाजचा, २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी ही नावं जगाला कळली. या काळातल्या गोधडीत पॉलिएस्टरच्या साड्या दिसतात. रंग झकास, पण कापड निसरडं. सुई लवकर जात नाही, थर सरकतात, घाम टिपला जात नाही. बायका तेव्हापासूनच म्हणू लागल्या, की गोधडीला आता पहिली मजा राहिली नाही.

सुई थांबली का?

हल्लीच्या पोरींना शिवायला नको, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण कारणं नीट पाहिली, तर दोष पोरींचा नाही.

पहिलं कारण कापडाचं. रोजची नेसण नऊवारीवरून पाचवारीवर, पाचवारीवरून ड्रेसवर आली. जुनं सुती लुगडं घरात निघेनासं झालं. जे निघतं, ते बोहारणीच्या पाटीत जातं आणि बदल्यात स्टीलचं पातेलं येतं.

दुसरं कारण जागेचं. सात फूट लांब कापड चार दिवस पसरून ठेवायला ओटा लागतो, अंगण लागतं. वन-बीएचकेच्या हॉलमध्ये गोधडी अंथरली, तर माणसांनी बसायचं कुठं?

तिसरं कारण वेळेचं. जी बाई दुपारी शेजारणींबरोबर सुई घेऊन बसायची, तिची लेक किंवा सून आज कंपनीच्या बसमध्ये आहे, नाहीतर कँटीनमध्ये, पॅकिंगला, शिफ्टवर. तिला उन्हाळ्याची दुपार मोकळी मिळतच नाही.

चौथं कारण पाण्याचं, आणि ते सगळ्यांत जिव्हारी लागणारं. मोशी-चिखलीच्या बायका इंद्रायणीवर, चिंचवड-रावेतच्या पवनेवर गोधड्या धुवायच्या. धोंड्यावर आपटून, वाहत्या पाण्यात सोडून, नदीकाठच्या हिरवळीवर वाळत घालायच्या. आज त्या नद्यांत कारखान्यांचं आणि शहराचं सांडपाणी मिसळतं. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस आल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. ज्या पाण्यात हात घालवत नाही, त्यात गोधडी काय धुणार? म्हणून नवरात्राआधी कुणी टेंपो करून दूरचा कालवा नाहीतर ओढा गाठतं. इथं एक गोष्ट बजावून सांगायला हवी. भिजलेली गोधडी फार जड होते आणि प्रवाहात माणसाला ओढून नेते. गोधड्या धुवायला गेलेल्या मायलेकी बुडाल्याची बातमी छापायची वेळ कुठल्याच वर्तमानपत्रावर येऊ नये. खोल पाण्यात उतरू नका, पोरांना कडेला एकटं सोडू नका.

जगाला कळलेलं मोल

आपल्याला जी वस्तू गरिबीची खूण वाटते, तिच्यासाठी दुसरीकडं काय झालं, तेही ऐका. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं खेडं आहे. कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची ही वस्ती. तिथल्या बायका नवऱ्याच्या, मुलांच्या विटलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. मिसूरी पेटवे नावाच्या बाईनं १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या शेतातल्या कपड्यांचीच गोधडी शिवली. या खेड्यातल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. नवरा गेल्यावर त्याच्या कपड्यांची गोधडी शिवणं, आई गेल्यावर तिच्या लुगड्यांच्या गोधड्या करून लेकरांत वाटणं, हे आपल्याकडच्या घरांना काय नवं आहे?

आपल्या गोधडीचीही दखल घेतली गेली आहे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक केलं, आणि ते छापलं फ्रान्समधल्या प्रकाशकानं. तिकडं हरयाणातल्या पानिपतला जगभरचे जुने कपडे यंत्रात फाडून, त्यांचं सूत कातून स्वस्त ब्लँकेटं निघतात. म्हणजे जुन्यातून ऊब काढायची ही अक्कल कारखान्यालाही शेवटी घ्यावी लागली. फरक इतकाच, की त्या ब्लँकेटात कुणाचं कापड आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं.

आणि गरिबीची खूण म्हणाल, तर चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन गावोगाव झाडू मारत फिरणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. देहू-आळंदीला वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधून देणारा हा माणूस. त्यांच्या अंगावरच्या ठिगळांची कुणाला लाज वाटली नाही.

गोधडी वापरा, पण अशी

गोधडी काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. ती पांघरली तरच ती गोधडी. मात्र जुन्या गोधडीला थोडी निगा लागते.

धुणं वर्षातून एकदा-दोनदा पुरे. एरवी नुसतं ऊन दाखवा. सकाळचं दोन-तीन तास ऊन, मधे एकदा उलटून. दिवसभर कडक उन्हात ठेवली, तर रंग जातो आणि दोरा कुजतो. धुण्याआधी पांढरं ओलं फडकं कोपऱ्यावर घासून बघा, रंग लागला तर ती गोधडी वेगळी आणि गार पाण्यात धुवा. घरच्या टाकीत किंवा मोठ्या घमेल्यात रिठ्याच्या पाण्यात भिजवून पायानं हलके तुडवली, तरी मळ निघतो. फार जुनी असेल, तर आपटू नका, पिळू नका, मशीनमध्ये घालू नका. पाणी निथळू द्या आणि एका दोरीऐवजी दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरा, म्हणजे ओल्या कापडाच्या ओझ्यानं टाके तुटत नाहीत.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आत दमटपणा राहतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. जुन्या धोतरात किंवा चादरीत गुंडाळा, पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर कापड घडीवरच चिरतं.

डागडुजी वेळेवर करा. एक टाका सुटला, की पाठोपाठ दहा सुटतात. शिवायला सुती दोराच घ्या. नायलॉनचा दोरा मजबूत असतो खरा, पण जुन्या कापडाला तो सुरीसारखा कापतो. वरचं कापड फारच विरलं असेल, तर फाडून काढू नका. त्यावर सुती साडी किंवा मऊ मांजरपाट चढवून कडेनं आणि मधे टाके घाला. शिवायला हात नसेल, तर हल्ली 'गोधडी शिवून मिळेल' अशी पाटी रस्त्याकडेला दिसते. तिथं मशीनवर शिवतात. अगदी जीर्ण गोधडी मशीनखाली देऊ नका, पण घरात पडून असलेल्या सुती साड्यांची नवी गोधडी करून घ्यायला ही सोय चांगली. एक हंगाम तरी ते कापड बोहारणीपासून वाचेल.

विकत घेणार असाल, तर एक विनंती. महापालिका बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरवत आली आहे, पुण्यात भीमथडी जत्रा भरते. अशा ठिकाणी हातशिलाईची गोधडी हाती लागली, तर तिची किंमत ब्लँकेटशी लावू नका. तेवीस हजार टाके आठवा. वीस दिवसांची मजुरी मनात धरा आणि मग शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस करायची की नाही ते ठरवा.

विचारून घ्या, वेळ आहे तोवर

गोधडीतलं कापड ओळखणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीला आली आहेत. "हा तुकडा तुझ्या चुलत्याच्या पहिल्या पगाराच्या शर्टचा", "हे लुगडं मला माझ्या आईनं दिवाळसणाला घेतलं होतं", असं बोट ठेवून सांगणारं घरात एकच माणूस असतं. ते गेलं, की गोधडी उरते, पण मुकी होते. मग नातवंडांना ती खरोखरच चिंध्यांची वाटते, आणि त्यांचंही काही चुकत नाही.

तेव्हा यंदा गोधड्या वाळत घातल्यावर आजीला, आत्याला, थोरल्या जावेला जवळ बसवा आणि एकेक तुकडा विचारून घ्या. मोबाइल आहेच, बोलणं टिपून ठेवा. पांढऱ्या सुती कापडाची चार बोटं पट्टी घ्या. तिच्यावर कुणी शिवली, कुणाच्या लुगड्याची आणि कुठल्या साली, एवढं दोऱ्यानं किंवा न पुसणाऱ्या शाईनं लिहा आणि गोधडीच्या पाठीला एका कोपऱ्यात शिवून टाका. शेताच्या बांधाला आपण दगड रोवतो. ही घराच्या हद्दीची खूण समजा.

आणि जमलं तर घरातल्या पोरीला, आणि पोरालाही, एक दुपटं शिवायला बसवा. हातभर कापड, रविवारच्या चार दुपारी. सुई धरायची कशी, गाठ मारायची कुठं, टाका सरळ कसा यायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. ते आजीच्या शेजारी बसूनच येतं, आणि आजी अजून आहे.